फौजींच्या तीन बॅटऱ्या

आमचे सांगलीचे घरमालक फौजी बॅटऱ्यांना ऊन लागू देत नसत. स्वतः भर मे महिन्यात उघड्या डोक्यानं मोटारसायकल हाणतील, पण मागं बांधलेल्या पत्र्याच्या डब्याला ओलं गोणपाट गुंडाळलेलं असायचं. लग्नाच्या मांडवात पोचलं की डबा आधी सावलीत, मग बाकीचं सामान, मग स्वतः. पोरं डब्याभोवती घिरट्या घालायची, कारण त्यांना वाटायचं आत आईस्क्रीम आहे. एकदा तर नवरदेवाचा मामाच झाकण उघडायला निघाला. फौजींनी त्याचं मनगट धरलं.

"आवं पावनं, बॅटऱ्या हायत त्यात. गारव्याला ठिवल्यात."

"बॅटऱ्यास्नी कशाला वं गारवा?"

"मग तुमाला कशाला मांडव?"

मामा पंगतीकडं वळला. मला हसू आवरेना, म्हणून मी वायर गुंडाळायचं निमित्त करून बाजूला गेलो.

अख्खी गल्ली त्यांना फौजी म्हणायची. गाव पाटणच्या पलीकडं, कोयनेच्या खोऱ्यात. फौजेत वायरलेसवर नोकरी केली, पेन्शनवर आले आणि बायकोच्या माहेरी, सांगलीत, लहानसं घर बांधून लग्नांची व्हिडिओ शूटिंग करू लागले. मूलबाळ नव्हतं. वरची खोली त्यांनी मला भाड्यानं दिली होती. मी साताऱ्याचा, कुपवाडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. फौजेत कारकुनाला बाबू म्हणतात, म्हणून मी पहिल्या दिवसापासून बाबू. रविवारी त्यांच्याबरोबर शूटिंगला जायचो, दिवा धरायचो, कॅसेटवर नवरा-नवरीची नावं लिहायचो. काकींच्या हातचं जेवण मिळायचं. इतकी वर्षं नोकरी केली, पण इतकं सुखाचं दुसरं बिऱ्हाड मला मिळालं नाही.

आता त्यांच्याविषयी लिहायचं तर माझी एक गोष्ट सांगावी लागते, आणि तीच मी टाळत आलो. माझ्या आळसामुळं त्यांच्या हातून एक लग्न निसटलं. दोष त्यांनी अंगावर घेतला, आणि मी तो त्यांना घेऊ दिला. खरं काय ते मला त्यांना सांगायचं होतं. एवढंच सांगायचं होतं.

पण आधी माणूस कळायला हवा. फौजी पंगतीत बसायचे ते डबा मांडीशी घेऊन. प्रत्येक बॅटरीवर लाल रंगाचे ठिपके होते, एक, दोन, तीन. आज एक नंबर ड्युटीवर असेल तर उद्या तिला सुट्टी, मग दोन नंबरचा पहारा. बॅटरीच्या पितळी टोकांना बोट लावलेलं त्यांना खपायचं नाही. ती टोकं ते काकींच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीनं पुसायचे. बॅटरी खिशात किल्ल्यांबरोबर टाकली म्हणून मला एकदा एवढं झापलं होतं की मी दोन दिवस खाली जेवायला गेलो नाही. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच ताट घेऊन वर आले. "रागवा बाबू, पन उपाशी ऱ्हाऊन न्हाई," म्हणाले आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिले.

खरा सोहळा आषाढात असायचा. शेवटचा मुहूर्त झाला, देव झोपले, की लग्नं बंद आणि कॅमेराही बंद. मग फौजी अंघोळ करून ओसरीवर बसत आणि एकेका बॅटरीला बारका बल्ब जोडत. बल्ब उजळायचा, पिवळा पडायचा, तांबूस व्हायचा आणि विझायचा. तोवर ते उठायचे नाहीत. जुन्या निकेलच्या बॅटऱ्यांची रीतच तशी होती. पार रिकाम्या करायच्या, मग चार्ज करायच्या, आणि बरेच दिवस ठेवायच्या तर रिकाम्याच ठेवायच्या. विझली की बॅटरी फौजेतल्या लोकरी मोज्यात घालून डब्यात, डबा पाण्याच्या रांजणाजवळ, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात. तुळशीचं लग्न लागेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही.

"पोट रिकामं करून झोपवायचं," ते म्हणायचे. "भरल्या पोटी झोपलं की मानूस बी सुस्तावतं."

काकी स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "मला कवा आसं चार म्हैनं झोपवशीला?"

त्या वर्षी मार्गशीर्षात फौजींनी नवा कॅमेरा घेतला. दुबईहून आलेल्या एका ओळखीच्या माणसानं आणलेला, हातात मावेल एवढा. सांगलीत तसा दुसरा मी तरी पाहिला नव्हता. त्याच्याबरोबर तीन बॅटऱ्या, लिथियमच्या. जुना कॅमेरा महाबळेश्वरला एका फोटोवाल्यानं नेला. नव्याबरोबर एक जाडजूड पुस्तक आलं होतं, इंग्रजीत. फौजींना हिंदी फर्डी यायची, इंग्रजी अक्षरं लावून वाचायचे, पण अर्थ लागायचा नाही. म्हणून रोज संध्याकाळी मी वाचायचो, मराठीत सांगायचो, आणि ते वहीत उतरवून घ्यायचे.

उतरवून घेण्याचीही त्यांची एक पद्धत होती. मी वाक्य सांगितलं की ते लिहायचे, मग लिहिलेलं मला मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि माझ्याकडं बघत थांबायचे. मी "बरोबर" म्हटल्याशिवाय पुढचं वाक्य नाही. वायरलेसवर संदेश असाच घेतात म्हणे. ऐकणाऱ्यानं परत म्हणून दाखवायचं, सांगणाऱ्यानं होकार द्यायचा. होकार दिला की जबाबदारी सांगणाऱ्याची. हे त्यांनीच मला समजावून सांगितलं होतं.

बॅटरीचं प्रकरण आलं तेव्हा त्यांनी वहीचं नवं पान उघडलं. उन्हात, गाडीत, चुलीजवळ ठेवू नये. हे त्यांना पटलं. ओल लागू देऊ नये, टोकं स्वच्छ ठेवावीत. हेही पटलं. मग मी वाचलं की ही बॅटरी पार रिकामी होण्याची वाट बघू नये, मधेच चार्ज केली तरी चालते, किंबहुना तेच बरं. फौजींनी पेन्सिल खाली ठेवली.

"परत वाचा."

मी परत वाचलं.

"आन् एकदा."

तिसऱ्यांदा वाचलं. "म्हंजी जुन्याच्या पार उलटं," ते म्हणाले, आणि कपाळाला आठ्या घालून लिहिलं.

इथं मला शहाणपण यायला हवं होतं. एक नियम उलटा, तर दुसराही असेल. पण त्या दिवशी क्रिकेटची मॅच होती, शेजारच्या टीव्हीवरून आरडाओरडा ऐकू येत होता आणि माझं अर्धं लक्ष तिकडं होतं. पुढच्या पानावर मथळा होता, बरेच दिवस वापरायची नसेल तर बॅटरी कशी ठेवावी. मी मथळा वाचला. खाली दहा-बारा ओळी होत्या. बॅटऱ्या ठेवाव्यात कशा हे फौजींना आपण काय सांगायचं, असं मनात आलं. मी पुस्तक मिटलं.

"ठेवायचं जुन्यासारखंच आहे काका. तुम्हाला माहीतच आहे ते."

त्यांनी लिहिलं. "ठेवणं जुन्यासारखं." माझ्याकडं बघितलं.

"बरोबर," मी म्हटलं आणि मॅच बघायला पळालो.

सात महिने त्या बॅटऱ्यांनी कुठंही दगा दिला नाही. आषाढ आला. फौजी अंघोळ करून ओसरीवर बसले आणि तिन्ही बॅटऱ्यांचा बल्ब विझेपर्यंत जागचे हलले नाहीत. मी शेजारी बसून शेंगा खात होतो.

भाद्रपदात, पितृपंधरवड्यात, माझ्या कारखान्यातले फिटरदादा घरी अंथरुणावर पडले होते. उत्तम फिटर, बिघडलेल्या मशीनला कान लावून दोष सांगणारा माणूस. फुप्फुसानं दगा दिला होता. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा घरच्यांनी थोरल्या लेकीचं ठरलेलं लग्न लगेच उरकायचं ठरवलं. घराणं बौद्ध, त्यामुळं मुहूर्त बघायचा नव्हता आणि पंधरवडाही आडवा येत नव्हता. कुपवाडला विहारासमोरच्या पटांगणात लग्न, घरापासून हाकेच्या अंतरावर. पण दादांना तेवढंही उठवत नव्हतं. मी भेटायला गेलो तर म्हणाले, "तुमच्या मालकास्नी इचारा की. लेकीचं लग्न टीव्हीवर तरी बघीन."

लग्न उद्यावर आलेलं. फौजींना सांगितलं तर त्यांनी पंचांगाकडं बघितलंसुद्धा नाही. "फौजंत कसला आलाय पंधरवडा," म्हणाले आणि स्वतः दादांच्या घरी गेले. खाटेशी उभं राहून शब्द दिला, "सांजच्याला हितंच, तुमच्या म्होरं, लग्न लागलेलं दावतो."

त्याच रात्री उशिरा रांजणाजवळचा डबा उघडला. बॅटरी चार्जरला लावली आणि नेहमी दीड तास घेणारी बॅटरी वीस मिनिटांत भरली. हिरवा दिवा लागला. दुसरीचंही तेच, तिसरीचंही तेच. फौजी दिव्याकडं संशयानं बघत बसले.

"बाबू, इतक्या लवकर कसं पोट भरलं?"

"नवं तंत्र आहे काका. आराम झालाय, लवकर घेत असतील."

हे मी कुठून काढलं, मला आजही माहीत नाही. पुस्तक समोरच्या फळीवर होतं. हात लांब केला असता तरी पुरलं असतं.

"एकदा चालवून बघू का?" ते म्हणाले.

"चालवून परत कधी भरणार? उद्या त्या बाजूला चारपर्यंत लाईट नसते."

तेही खरंच होतं. आठवड्यातला तो एक दिवस विहाराच्या बाजूला सकाळपासून चारपर्यंत वीज बंद असायची. म्हणजे सगळी भिस्त बॅटऱ्यांवर. फौजींनी मान डोलावली आणि तिन्ही बॅटऱ्या मोज्यांत घातल्या.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कॅमेरा सुरू झाला. फौजींनी पटांगण घेतलं, कागदी पताका, खुर्च्या, शिजणाऱ्या भाताचं पातेलं. लेक रिक्षातून उतरली. पांढरी साडी, केसांत पांढरी फुलं. तिनं कॅमेऱ्याकडं बघून घाम पुसला आणि हसली. आठ-नऊ मिनिटं झाली असतील. फौजींनी कॅमेरा डोळ्यावरून काढला, बॅटरी बदलली. मग पुन्हा बदलली. दोन नंबर मिनिटभर चालली. तीन नंबरनं डोळासुद्धा उघडला नाही. फौजींनी परत एक नंबर लावली, टोकं पुसली, तळहातात धरून ऊब दिली. समोर बुद्धमूर्तीपुढं मेणबत्त्या लागल्या होत्या आणि भन्तेजी त्रिशरण-पंचशील म्हणत होते. दुसरा कॅमेरावाला आणायला कुणीतरी सायकल घेऊन सांगलीच्या रस्त्याला लागलं. पण असं लग्न अर्ध्या तासात लागतं. हार घातले गेले, फुलं उधळली गेली. फौजी मंचासमोर बंद कॅमेरा हातात घेऊन ताठ उभे होते, पापणी न हलवता. मला वाटलं, लाजेनं गोठलेत. ते काय करत होते हे संध्याकाळी कळलं.

चारला लाईट आली. पाचला दादांच्या खोलीत टीव्ही लावला. दादांना उशांना टेकवून बसवलं होतं, लेक पायाशी बसली होती, सासरी निघायची होती. पडद्यावर पताका आल्या, खुर्च्या आल्या, भाताचं पातेलं आलं. लेक उतरली, घाम पुसून हसली. दादाही हसले. मग पडदा निळा झाला.

"फुडं?" दादा म्हणाले.

फौजी टाचा जुळवून उभे राहिले. "फुडं न्हाई दादा. बॅटऱ्या मेल्या. चूक माजी हाय. राखायचं काम माजं हुतं."

दादा त्या निळ्या पडद्याकडं बघत राहिले. फौजींनी टीव्ही बंद केला, स्टूल ओढलं आणि खाटेशी बसले. "बघितलंय म्या सगळं. सांगू का?"

आणि सांगायला लागले. वायरलेसवर खबर द्यावी तसं, घड्याळाच्या काट्यासकट. अकरा वाजून अठरा मिनिटं, लेक मंचावर. अकरा वीस, मेणबत्ती लावली, वाऱ्यानं विझली, दीरानं आडोसा धरला, परत लावली. कोण कुठं बसलं होतं, कुणी डोळे पुसले, हार कुणाचा आधी पडला, कुठल्या पोरानं फुलं खाल्ली. दादांनी डोळे मिटले होते.

"हार घालताना हसली का रडली?"

"आदी हसली. मग हिकडं बघितलं."

"हिकडं?"

"व्हय. मंचावरनं तुमचं घर उजव्या अंगाला येतं. मान वळवून बघितलं तिनं. म्या बघितलं की."

लेक तोंडाला पदर लावून रडू लागली. दादा डोळे न उघडता म्हणाले, "लय झ्याक सांगितलंसा फौजी. आवं, मशीन हाय. कवातरी बिघडायचंच. मनाला लावून घिऊ नका."

मी दारात उभा होतो. तीन पावलं पुढं जाऊन म्हणायचं होतं, चूक यांची नाही, माझी आहे. गेलो नाही. कारखान्यातली चार माणसं तिथं होती, त्यांच्यासमोर लाज वाटली. इतकं साधं कारण होतं.

दुसऱ्या दिवशी फौजी अंघोळीला गेले तेव्हा मी पुस्तक काढून ते पान वाचलं. बरेच दिवस ठेवायची असेल तर बॅटरी निम्मी भरलेली ठेवावी, मधून मधून बघावी, पूर्ण रिकामी ठेवल्यास ती कायमची निकामी होऊ शकते. सरळ सोपी वाक्यं, दहावीच्या पोरालाही समजतील अशी. मी पुस्तक होतं तसं फळीवर ठेवलं.

आठवड्यानं त्यांनी तिन्ही बॅटऱ्या माझ्यासमोर ठेवल्या. "बाबू, ह्या कशानं मेल्या आसतील?"

"मालच खराब असेल काका."

"आसंल," ते म्हणाले आणि बॅटऱ्या उचलून आत गेले.

दादा दिवाळीआधीच गेले. तुळशीचं लग्न लागलं, लग्नसराई सुरू झाली, पण फौजींनी नव्या बॅटऱ्या मागवल्या नाहीत. कॅमेरा विकला. सांगलीचं घर मेव्हण्याच्या हाती दिलं आणि काकींना घेऊन गावी निघून गेले. मी सामान टेम्पोत चढवू लागलो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, काहीतरी बोलतील असं वाटलं, पण टेम्पो सुरू झाला. लोक म्हणाले, फौजी खचला, त्या लग्नाचं मनाला लावून घेतलं. मीही तेच म्हणत राहिलो. तेच सोयीचं होतं.

वर्षभरानं मला राहवेना. पाटणला उतरलो, तिथून गावची एसटी पकडली. फौजी अंगणात भाताच्या पेंढ्या रचत होते. आनंदले. काकींनी चहा केला, नाचणीची भाकरी वाढली. जेवण झाल्यावर मी खाली मान घालून एका दमात सांगून टाकलं. पुस्तक, मथळा, मॅच, सगळं.

"म्हाईत हाय," फौजी म्हणाले.

मी वर बघितलं.

"त्या पानाव चित्तर हाय न्हवं का. बॅटरीचं. निम्मी काळी, निम्मी पांढरी. विंग्रजी कळत न्हाई, चित्तर कळतं की. लगीन झालं त्याच सांजला घरी येऊन बघितलं म्या."

ते चित्र मीही बघितलं होतं. ते त्यांच्याही नजरेला पडेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. म्हणजे बॅटऱ्या समोर ठेवून त्यांनी मला विचारलं, तेव्हा त्यांना उत्तर ठाऊक होतं.

"मग तुम्ही बोलला का नाहीत काका?"

"तुमी बोलशीला म्हनून थांबलो. दोन म्हैनं थांबलो. तुमी वर, मी खाली. रोज जिन्यावर पाय वाजायचं, वाटायचं आज सांगत्याल." ते पेंढीची दोरी चाचपत राहिले. "मग ही म्हनली, चला गावाकडं. आलो."

मी माफी मागितली. त्यांनी हात हलवून ती बाजूला सारली.

"माजं जाऊंद्या. दादा माफ करून गेला, पन मला. चूक कुनाची त्येला कळलीच न्हाई. आता त्यो न्हाई, लेक हाय. मिरजंला दिलीय. ती बी तितं बसल्याली. तिला जाऊन सांगा."

"जातो," मी म्हटलं.

"सांगा बरं का," ते म्हणाले आणि मला एसटीपर्यंत पोचवायला आले.

फौजी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. दर वेळी भेटले की विचारायचे, मिरजेला गेलात का, आणि मी काहीतरी कारण सांगायचो. पुढं पुढं त्यांनी विचारणं सोडलं. लेकीचा पत्ता माझ्याकडं आहे. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर घर आहे, हे मला माहीत आहे, कारण दोनदा त्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन मी परत फिरलो आहे.